सोसायटी ग्रुप, जुलै २०२५: '९८% अचूक' ॲपने लावलेला ऑप्शन फॉर्म

मनीषा सी-२०३: नमस्कार 🙏 विषय सोसायटीचा नाही, तरी विचारते. ऋचाला इंजिनिअरिंगच्या सीईटीला ९६.८ पर्सेंटाइल आहेत. पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स), ओपन. एका ॲपचं पाच हजारांचं पॅकेज घेतलंय, त्यात एआय अख्खा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-शाखांची पसंतीक्रमाची यादी, लावून देतं. पहिल्या फेरीचा फॉर्म उद्या संध्याकाळी पाचपर्यंत कन्फर्म करायचाय. कुणाची मुलं यातून गेली असतील तर एकदा नजर टाकाल का? पीडीएफ टाकतेय.

मनीषा सी-२०३: 📎 ऋचा_ऑप्शन_फॉर्म_फायनल

सुलभाकाकू ए-१०२: अभिनंदन ऋचा 💐💐 ९६ टक्के म्हणजे कमालच केलीस!

तन्वी सी-५०१: काकू पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली किती मुलं मागे आहेत ते, टक्के वेगळे 😅 पण अभिनंदन आहेच!

सेक्रेटरी: बेसमेंटमध्ये पाणी साचलं आहे. पंप लावला आहे. दुचाकी वर घ्याव्यात.

निखिल ए-७०१: मनीषाकाकू, बघितली पीडीएफ. ही यादी कुठल्या क्रमाने लावलीय?

मनीषा सी-२०३: मिळण्याच्या शक्यतेप्रमाणे. पहिलं ९९% वालं, मग ९६, मग ८७, असं खाली खाली. ऋचाला खरं पुण्याच्या कमिन्स या मुलींच्या कॉलेजचं ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) हवंय. त्याला ४१% दाखवतंय म्हणून ते चौदाव्या नंबरवर गेलं.

देशपांडे सर बी-३०२: मनीषाताई, कृपया अजून कन्फर्म करू नका.

मनीषा सी-२०३: का हो सर? काय झालं?

देशपांडे सर बी-३०२: लिहितोय. माझं टायपिंग हळू आहे.

जाधव बी-१०४: सर व्हॉइस नोट टाका ना

देशपांडे सर बी-३०२: नको. व्हॉइस नोट कोणी पुन्हा ऐकत नाही, आणि हे पुन्हा वाचायला लागणार आहे.

देशपांडे सर बी-३०२: संगणक जागा कशा वाटतो ते आधी समजून घ्या. मेरिट नंबर एकच्या मुलाचा फॉर्म उघडतो, वरून वाचत जातो, त्याच्या प्रवर्गात जी पहिली शिल्लक जागा दिसेल ती त्याला देतो. मग नंबर दोन, नंबर तीन. ऋचाची पाळी येईल तेव्हा तिचाही फॉर्म वरूनच वाचला जाईल. पहिल्या ओळीत ९९% वालं कॉलेज लिहिलं असेल तर ते मिळणार आणि वाचन तिथेच थांबणार. चौदाव्या ओळीपर्यंत कुणी जाणारच नाही. कमिन्सची जागा त्या क्षणी रिकामी असली तरी.

देशपांडे सर बी-३०२: आणि यंदाचा नियम याहून कडक आहे. फेऱ्या तीनच्या चार झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की ऑटो फ्रीझ. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला कुठलाही मिळाला की ऑटो फ्रीझ, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला. ती जागा घ्यायचीच, नाही घेतली तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. म्हणजे या फॉर्मप्रमाणे ऋचा पहिल्याच फेरीत त्या ९९% वाल्या कॉलेजात अडकली आणि चार फेऱ्यांचा खेळ तिच्यापुरता संपला.

मनीषा सी-२०३: अरे देवा. पण ॲप तर म्हणतं आमची यादी ९८% अचूक आहे!

निखिल ए-७०१: तो आकडा खरा असू शकतो काकू. तुम्हाला जे कॉलेज ते मिळेल म्हणतात ते मिळेलही. त्यांचा आकडा शाबूत, ऋचाचं ईएनटीसी गेलं.

तन्वी सी-५०१: 😶

निखिल ए-७०१: मी दोन वर्षांपूर्वी मावसबहिणीसाठी कटऑफचा अंदाज सांगणारं असंच मॉडेल बनवलं होतं, गेल्या वर्षी त्यात नवीन डेटाही घातला. म्हणून सांगतो, ९८% आणणं सोपं आहे. ९६.८ ला राज्यातली बहुतेक कॉलेजं सहज मिळतात. पुण्याच्या सीओईपीचं कॉम्प्युटर, मुंबईच्या व्हीजेटीआयचं कॉम्प्युटर मिळत नाही. हे सांगायला मशीन लर्निंग कशाला, सर चहा पिता पिता सांगतील. प्रश्न असतो मधल्या दहापंधरा पर्यायांचा. मॉडेलची परीक्षा तिथे घ्यायची. शेकडो सोप्या ओळी बरोबर धरून सरासरी काढली की जाहिरातीपुरता आकडा तयार.

देशपांडे सर बी-३०२: तुझं मॉडेल तू तपासलंस कशावर?

निखिल ए-७०१: २०२३ पर्यंतच्या याद्यांवर शिकवलं, २०२४ वर तपासलं सर. बरेच जण सगळी वर्षं एकत्र करून पत्ते पिसल्यासारख्या ओळी पिसतात आणि त्यातल्या काही तपासणीला बाजूला ठेवतात. मग एखाद्या कॉलेजची पहिली फेरी शिकवणीत आणि त्याच वर्षाची दुसरी फेरी परीक्षेत येते. दोन्हींत फरक किती असणार? उत्तरपत्रिका आधी दाखवून पेपर घेतल्यासारखं आहे ते.

देशपांडे सर बी-३०२: आणि निकाल?

निखिल ए-७०१: खरं सांगू? "गेल्या वर्षीचा कटऑफ तोच यंदाचा" एवढा एकच नियम समोर ठेवला तर मॉडेल त्याच्या थोडंसंच पुढे होतं. आणि निम्मा वेळ मॉडेलमध्ये गेलाच नाही, सीईटी सेलच्या पीडीएफ उकलण्यात गेला. प्रत्येक कॉलेजचा तक्ता वेगळा, ज्या प्रवर्गात कुणीच नाही त्याचा रकानाच गायब. जी-ओपन-एस, एल-ओपन-एस, होम युनिव्हर्सिटी, अदर दॅन होम… डोळ्यांना झापड यायची.

सुलभाकाकू ए-१०२: हे सगळं आमच्या वेळी नव्हतं बाई. बारावीचे मार्क, प्रवेश, संपलं.

सुलभाकाकू ए-१०२: 🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

जाधव बी-१०४: काकू काय डिलीट केलंत 😄

मनीषा सी-२०३: निखिल, मग ते ४१% कशावरून काढत असतील? विश्वास ठेवायचा का त्याच्यावर?

निखिल ए-७०१: पीडीएफच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, "२०२२ ते २०२४ च्या पर्सेंटाइलवर आधारित". पर्सेंटाइल घेतलेत हीच यंदाची खरी अडचण. २०२४ ला पीसीएमला साधारण २ लाख ९५ हजार मुलं बसली होती. यंदा ४ लाख २२ हजारांच्या आसपास. गेल्या वर्षी ९६.८ म्हणजे पुढे अंदाजे साडेनऊ हजार मुलं. यंदा त्याच ९६.८ ला पुढे साडेतेरा हजार.

मनीषा सी-२०३: म्हणजे??

निखिल ए-७०१: म्हणजे गेल्या वर्षीच्या ९६.८ च्या जागी यंदा साधारण ९७.८ लागतील, जागा तेवढ्याच राहिल्या असं धरलं तर. पण जागाही तेवढ्याच राहिलेल्या नाहीत. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांसाठी एका शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा काढली, त्यानंतर कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढत चालल्यात. एक कारण कटऑफ वर ढकलतं, दुसरं खाली ओढतं. जुन्या डेटात या दोन्ही गोष्टी पुरत्या दिसत नाहीत, तर मॉडेल शिकणार कुठून?

देशपांडे सर बी-३०२: पर्सेंटाइलऐवजी मेरिट नंबर धरायला हवा. कटऑफच्या यादीत दोन्ही छापलेले असतात. लोक कंसातला पर्सेंटाइल वाचतात आणि वरचा मेरिट नंबर सोडून देतात. जागा मोजायच्या असतील तर डोकी मोजावीत.

निखिल ए-७०१: बरोबर सर. आणि वरच्या टोकाला तर पर्सेंटाइल फारच फसवा. ९९ ते ९९.५ हे अंतर ९० ते ९०.५ इतकंच दिसतं, मुलंही तितकीच, पण नावाजलेल्या कॉलेजांच्या बऱ्याच शाखा त्या अर्ध्या पर्सेंटाइलमध्ये बंद होतात.

जाधव बी-१०४: माझ्या भाच्याचं सांगा ना मग. साताऱ्याला असतो. ९३.५, एसईबीसी म्हणजे मराठा आरक्षण. त्यानेपण हेच ॲप घेतलंय. त्याला तर सगळीकडे हिरवंच दाखवतंय.

देशपांडे सर बी-३०२: एनसीएल (नॉन-क्रीमीलेअर दाखला) आहे का हातात?

जाधव बी-१०४: आहे सर. मार्चमध्येच काढलं.

निखिल ए-७०१: एसईबीसीचा डेटा मॉडेलच्या दृष्टीने तुटक आहे. २०१८ चा कायदा आला, २०१९ ला उच्च न्यायालयाने शिक्षणातलं आरक्षण १६ चं १२ टक्के ठरवलं. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली, मे २०२१ मध्ये कायदाच रद्द. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा कायदा, १० टक्के. त्यामुळे २०२२, २०२३ च्या याद्यांत हा रकानाच नाही. ॲपकडे वापरण्याजोगं एकच वर्ष आहे, २०२४. एका वर्षावर टक्केवारी कुठली काढतात? बहुतेक ईडब्ल्यूएसचे (आर्थिक दुर्बल गट) किंवा ओपनचे आकडे भरून गॅप बुजवला असणार. हिरवं कशामुळे आहे ते त्यांनाच विचारा.

जाधव बी-१०४: विचारलं होतं. "आमचा अल्गोरिदम गोपनीय आहे" म्हणे

देशपांडे सर बी-३०२: अल्गोरिदम नको. एवढंच विचारा की गेल्या वर्षी ज्यांना ज्यांना तुम्ही ८० ते ९० टक्के शक्यता सांगितलीत, त्यांतल्या शंभरातल्या कितींना ते कॉलेज मिळालं? पंच्याऐंशीच्या आसपास उत्तर आलं तर त्या टक्केवारीला अर्थ आहे. उत्तरच नाही आलं तर ती रंगरंगोटी.

तन्वी सी-५०१: मनीषाकाकू अजून एक. पीडीएफमध्ये सगळीकडे जी-ओपन, म्हणजे सर्वसाधारण जागांचेच आकडे आहेत. ऋचाला एल-ओपन पण लागू आहे ना! मुलींसाठी ३०% जागा असतात. एलचा कटऑफ बहुतेक ठिकाणी थोडा खाली असतो. मला स्वतःला एलमधूनच मिळालंय.

मनीषा सी-२०३: हे तर ॲपवाल्यांनी कुठे विचारलंच नाही. फॉर्म भरताना मुलगी असं टिक केलं होतं मी.

निखिल ए-७०१: टिक फक्त फॉर्मवर राहिलं असणार, मॉडेलपर्यंत पोचलंच नाही. आणि गेल्या वर्षी जुलैत शासनाने ८ लाखांखालच्या उत्पन्नगटातल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी मुलींची फी माफ केली. त्यामुळे मुलींचे प्राधान्यक्रमही हलले असतील. महागडी कॉलेजं आता यादीत वर जात असतील. २०२२ चा डेटा हे कुठून सांगणार.

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर सोसायटीचेच विषय घ्यावेत. बाकी चर्चा वैयक्तिक करावी.

सुलभाकाकू ए-१०२: अहो मुलीच्या ॲडमिशनचा प्रश्न आहे, चालू द्या की! पाणी उपसून झालं का ते सांगा.

सेक्रेटरी: पंप चालू आहे.

मनीषा सी-२०३: सर आता मी करू काय? डोकं चालत नाहीये. पाच हजार गेले ते गेले.

देशपांडे सर बी-३०२: ऋचाला समोर बसवा. ॲप बंद. तिला विचारा, उद्या सगळीच कॉलेजं हात जोडून उभी राहिली तर कुठल्या क्रमाने घेशील? तो क्रम कागदावर. कमिन्सचं ईएनटीसी खरोखर पहिलं असेल तर पहिल्या ओळीत तेच. ४१% असो की ४%, वर लिहिल्याने काही जात नाही. नाही मिळालं तर संगणक पुढची ओळ वाचतो.

देशपांडे सर बी-३०२: पहिल्या सहा ओळींत मात्र असं एकही कॉलेज नको, जे मिळाल्यावर ती रडेल. ऑटो फ्रीझ तिथेच होतं.

निखिल ए-७०१: आणि अंदाजाचा उपयोग शेपटासाठी करा काकू. यादी किती खाली न्यायची, तेवढं ठरवायला. ३०० पर्याय भरता येतात. मेरिट नंबरवर बघून, अगदी वाईट वर्ष धरलं तरी मिळतीलच अशी चारपाच कॉलेजं तळाला. ॲपचं ९९% वालं तिथे टाका, फुकट नाही गेले पाच हजार.

तन्वी सी-५०१: टीएफडब्ल्यूएस (फी माफीच्या जागा) पण वेगळा पर्याय म्हणून भरा काकू, उत्पन्नात बसत असेल तर. त्याचा कोड वेगळा असतो, बरेच जण विसरतात.

निखिल ए-७०१: हो, फक्त त्याचा अंदाज कुणीच देऊ नये. ५% जागा, म्हणजे ६० च्या तुकडीत ३. तीन मुलांवर कटऑफ ठरतो. एका हुशार मुलाने विचार बदलला की यादी दोन पर्सेंटाइल हलते.

मनीषा सी-२०३: ऋचा म्हणतेय पहिलं कमिन्स ईएनटीसी, दुसरं कमिन्स इन्स्ट्रुमेंटेशन, मग व्हीआयटी ईएनटीसी. बाबा म्हणतायत इन्स्ट्रुमेंटेशनपेक्षा दुसरीकडचं कॉम्प्युटर वर घ्या. इथे आता वेगळंच सुरू झालंय 😑

देशपांडे सर बी-३०२: ते भांडण आज रात्री होऊ द्या. अलॉटमेंट लागल्यावर करण्यापेक्षा बरं.

जाधव बी-१०४: सर भाच्याला उद्या बोलावून घेऊ का? सकाळच्या गाडीने येईल. निखिल, तू पण असशील का?

निखिल ए-७०१: असेन. पण काका, एसईबीसीसाठी माझं मॉडेल मी चालवणार नाही. २०२४ ची यादी प्रिंट करून आणतो, मेरिट नंबरचा रकाना हायलायटरने रंगवून. त्याला त्याचा मेरिट नंबर आणि लॉगिन घेऊन यायला सांगा. आणि फोन चार्ज करून, ओटीपी त्याच्याच फोनवर येतो.

तन्वी सी-५०१: मी पण येते, मला क्लास दुपारी आहे

सुलभाकाकू ए-१०२: पोहे मी करते.

देशपांडे सर बी-३०२: सेक्रेटरीसाहेब, क्लबहाऊस उद्या सकाळी मिळेल का? दोन तास.

सेक्रेटरी: १० ते १२ दिले आहे. चावी वॉचमनकडे. पंखे बंद करून जावे. माझ्या पुतणीचा पण फॉर्म आहे, तिला पाठवतो.