सल्ला हवा: कॅड भूमिती बदलली तरी सिम्युलेशनची मांडणी टिकवायची कशी?

नवमेश
नमस्कार मंडळी. गिअरबॉक्सच्या ओतीव हाउसिंगचे स्टॅटिक विश्लेषणाचे मॉडेल माझ्याकडे आहे. भूमिती डिझाइन विभागाकडून स्टेप फाइलच्या (वेगवेगळ्या कॅड प्रणालींत चालणाऱ्या समाईक फॉरमॅटच्या) रूपात येते आणि प्रत्येक सुधारित आवृत्तीत एखादी रिब (बळकटीची पट्टी) वाढलेली किंवा एखादे फिलेट (कोपऱ्याची गोलाई) मोठे झालेले असते. नवी फाइल घेतली की काही लोड गळून पडतात. त्यांचे फारसे काही वाटत नाही, कारण चूक लगेच दिसते; पण काही लोड भलत्याच फेसवर (भागाच्या पृष्ठभागाच्या तुकड्यावर) जाऊन बसतात आणि मॉडेल एकही तक्रार न करता सॉल्व्ह होते. बेअरिंगच्या बैठका, बोल्टची भोके, कॉन्टॅक्ट (एकमेकांना टेकणाऱ्या फेसच्या जोड्या) आणि ठिकठिकाणचा मेश-साइझ (गणनेच्या जाळीतील घटकांचा आकार) हे सारे दर वेळी नव्याने लावावे लागू नये, यासाठी कॅडशी थेट जोडणी घ्यावी की स्टेपवरच राहून निवडींची रचना बदलावी?

शून्यविस्थापन
स्टेप ही साधी मजकूर-फाइल आहे आणि तिच्यात प्रत्येक घटकाला दिलेला क्रमांक त्या फाइलपुरताच असतो. पुन्हा एक्स्पोर्ट केले की क्रमांक नव्याने पडतात. फेसला नाव देण्याची सोय फॉरमॅटमध्ये आहे, परंतु अनेक एक्स्पोर्टर ती जागा रिकामीच सोडतात. त्यामुळे तुमच्या मॉडेलमधील ‘फेस 47’ म्हणजे या आयातीत सत्तेचाळिसावा आलेला फेस, एवढेच. एक रिब वाढली की पुढची सारी रांग सरकू शकते.

शक्य असेल तर थेट जोडणी घ्यावी, असे माझे मत आहे. सिम्युलेशन सॉफ्टवेअरपैकी कॉमसोलचे लाइव्हलिंक किंवा अ‍ॅन्सिसचे कॅड इंटरफेस वापरल्यास फेसची ओळख कॅडमधूनच येते, आणि निवडींना कॅडमध्येच नावे दिली तर ती सिम्युलेशनपर्यंत पोहोचतात. (अ‍ॅन्सिस वर्कबेंचमध्ये त्यासाठी नावाआधी ‘एनएस’ हा उपसर्ग मूळ सेटिंगप्रमाणे अपेक्षित असतो, तो न लावल्यामुळे नावे येत नाहीत, अशी विचारणा वारंवार होते.) मात्र डिझायनरने भोक संपादित न करता ते पुसून त्याच जागी नवे काढले, तर आकार तंतोतंत तोच असूनही ओळख जाते. हे दुखणे खुद्द कॅडमध्येही आहे; फ्रीकॅड या मुक्त कॅड सॉफ्टवेअरला त्यावरचा मोठा उपाय 2024 मध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीत मिळाला.

त्रिकोणी घटक
वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. थेट जोडणीला दोन्ही बाजूंचे लायसन्स लागते आणि डिझायनरची शिस्तही लागते, आणि यांपैकी दुसरी गोष्ट आपल्या हातात नसते. म्हणून स्टेपवरच राहावे आणि फेसवर क्लिक करून निवडण्याऐवजी त्याची निवड जागेच्या नियमाने करावी.

समजा, 6206 बेअरिंगची बैठक आहे, म्हणजे व्यास 62 मिमी आणि रुंदी 16 मिमी. बेअरिंगच्या अक्षाभोवती 30.5 ते 31.5 मिमी त्रिज्येच्या पट्ट्यात पूर्णपणे मावणारे सर्व फेस, अशी निवड लिहावी. ‘पूर्णपणे मावणारे’ ही अट महत्त्वाची आहे, कारण ‘स्पर्श करणारे’ असे लिहिले तर शेजारचा खांदाही आत येतो. काही कॅड प्रणाली पूर्ण दंडगोल दोन अर्ध्या फेसमध्ये एक्स्पोर्ट करतात. क्रमांकावर विसंबलेल्या निवडीत त्यांतला एकच अर्धा सापडू शकतो, तर नियमात दोन्ही येतात. बैठकीचे क्षेत्रफळ सुमारे 3116 चौ. मिमी यायला हवे. ते 1558 दिसले, तर अर्धी बैठक सुटली आहे हे सॉल्व्ह करण्याआधीच कळते.

अबॅकस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केलेल्या स्क्रिप्टमध्ये फेस मास्कच्या सांकेतिक अक्षरांनी नोंदले जातात आणि भूमिती बदलल्यावर ती स्क्रिप्ट भरवशाची राहत नाही. जर्नल ऑप्शन्समध्ये ‘कोऑर्डिनेट’ निवडल्यास त्याऐवजी ‘फाइंडअ‍ॅट’ लिहिले जाते. ही आज्ञा दिलेल्या बिंदूवरचा फेस शोधते; तो बिंदू फेसच्या मध्याजवळ असावा, कडेवर नसावा. जीमॅश या मेश बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बूलियन क्रियेनंतर (आकार जोडणे किंवा वजा करणे) क्रमांक बदलू शकतात, म्हणून फिजिकल ग्रुप (फेसचे नोंदवलेले गट) सर्वांत शेवटी, बाउंडिंग बॉक्सने (ठरावीक जागेभोवतीच्या काल्पनिक पेटीने) फेस शोधून बांधावेत.

नवमेश
नियमाने निवड करण्याची कल्पना पटली. परंतु बोल्टचे भोकच 8 मिमी सरकले, तर माझा बॉक्स जुन्या जागीच राहील ना?

त्रिकोणी घटक
राहील, आणि निवड रिकामी येईल. ती रिकामी येणेच चांगले, कारण चूक दिसते. म्हणून बॉक्स इतका मोठा करू नये की शेजारचे भोक त्यात सापडेल. जे भाग सरकणार हे ठाऊक आहे, त्यांच्या जागा पॅरामीटरमध्ये ठेवाव्यात. बोल्ट वेगळ्या बॉडी म्हणून येत असतील, तर ‘या बॉडीला लागून असलेले फेस’ अशी निवड करावी. बोल्ट सरकला की तीही त्याच्यासोबत सरकते.

साचेकार
रंगाचाही उपयोग होतो. स्टेपच्या एपी 214 आणि एपी 242 या प्रकारांत फेसचे रंग फाइलसोबत येतात. एपी 203 च्या मूळ आवृत्तीत ते नव्हते, म्हणून एक्स्पोर्टचे सेटिंग पाहून घ्यावे. डिझायनरला बेअरिंगच्या बैठका एका रंगाने रंगवायला सांगणे हे नावे द्यायला सांगण्यापेक्षा सोपे जाते, अर्थात तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगावरून निवड करता येत असेल तरच.

मॉडेलच्या यादीतील आयातीचा जुना नोड (नोंद) पुसून नवा जोडू नये. त्याच नोडमधील फाइलचा पत्ता बदलून भूमिती पुन्हा बांधावी. लहान फिलेट काढून टाकण्याचे काम शक्यतो कॅडमध्येच उरकावे, कारण सिम्युलेशनच्या बाजूला केलेले व्हर्च्युअल टोपोलॉजीचे (अनेक लहान फेस एकच मानण्याचे) जोडकाम फेसच्या ओळखीवरच उभे असते आणि सर्वांत आधी तेच मोडते.

आणखी एक चाचणी सुचवतो. डिझाइन विभागाकडून काहीही न बदललेला तोच भाग पुन्हा एक्स्पोर्ट करून मागवा आणि मॉडेलमध्ये घ्या. जे गळून पडेल ते केवळ क्रमांकांमुळे पडले असेल, म्हणजे दुरुस्ती कोणत्या निवडींपासून सुरू करायची हे कळेल.

शून्यविस्थापन
ही चाचणी मीही वापरीन. तिला एक जोड देतो: सॉल्व्ह झाल्यावर आधारांवरील प्रतिक्रिया-बलांची बेरीज लावलेल्या लोडशी जुळते का, हे पाहावे. लोडखालील एखादा फेस सुटला आणि लोड दाबाच्या रूपात दिलेला असला, तर ही बेरीज कमी भरते. एकूण बल दिलेले असेल, तर मात्र ते उरलेल्या फेसवर वाटले जाऊन बेरीज जुळूनच येते, म्हणून तिथे क्षेत्रफळाच्या तपासणीला पर्याय नाही.

नवमेश
सर्वांचे आभार. बैठकांसाठी त्रिज्येचा पट्टा आणि बोल्टसाठी लगतच्या फेसची निवड असे बदल करून पुन्हा एक्स्पोर्टची चाचणी घेतो. कॉन्टॅक्टचे काय करावे? मी अ‍ॅन्सिस मेकॅनिकल वापरतो.

साचेकार
कॉन्टॅक्ट तुम्ही हाताने जुळवलेले असतील, तर कनेक्शन्सच्या तपशिलात भूमिती रिफ्रेश झाल्यावर आपोआप कॉन्टॅक्ट शोधण्याचा पर्याय बंद ठेवावा, आणि प्रत्येक जोडीच्या दोन्ही बाजूंना नावे दिलेल्या निवडीच लावाव्यात.