मदत हवी आहे: सर्वेक्षण आणि मुलाखती यांची सांगड घालायला कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी,

सार्वजनिक आरोग्यात पीएचडी करणाऱ्या दोघींची मी गाइड आहे. दोघींचं काम मिक्स्ड मेथड्सचं, म्हणजे एकाच अभ्यासात आकडेवारीही आणि मुलाखतीही. या पद्धतीवरचं क्रेसवेलचं पुस्तक वाचून झालंय, आधी सर्वेक्षण आणि मग मुलाखती हा क्रम का घेतला तेही नीट सांगतात. घोडं अडतं ते पुढे.

एकीचा विषय गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या. (एनएफएचएस-५ म्हणजे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया होता, त्यामुळे विषय मला फार जवळचा.) प्रश्नावलीत बहुतेकींनी १८० गोळ्या पूर्ण घेतल्याचं सांगितलं. नंतर मुलाखतीत एक बाई बोलता बोलता उठल्या आणि फडताळातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत गोळ्यांच्या पाकिटांची चळत, एकही फोडलेलं नाही. "शी काळी होते. सासूबाई म्हणतात, बाळ काळं होईल." हे मला फोनवर सांगताना माझ्या विद्यार्थिनीचा आवाज कापत होता.

आणि प्रबंधात? चौथ्या प्रकरणात टक्केवारी, पाचव्यात मुलाखतींतून निघालेल्या थीम्स, डबा पाचव्यात एका ओळीत. मी विचारलं, या डब्यामुळे तुझ्या चौथ्या प्रकरणातल्या तक्त्याचं काय होतं? तर म्हणाली, "मॅडम, म्हणजे माझा सर्व्हे चुकला?"

जॉइंट डिस्प्ले करून घेतला: एका रकान्यात आकडा, शेजारी मुलाखतीतला उतारा, तिसऱ्यात दोन्हींचा मिळून अर्थ. दोघींनी तिसऱ्यात पहिल्या दोन रकान्यांतलीच वाक्यं जोडून लिहिली. तो तिसरा रकाना भरायला तुम्ही कसं शिकवता? मी स्वतः आकडेवारीत वाढलेली, म्हणून मनापासून विचारतेय.

प्रतिसाद: ताई, सगळा तक्ता एकदम नको. मुलाखती सर्वेक्षणातल्याच बायकांच्या असतील तर डबेवाल्या बाईंची भरलेली प्रश्नावली शोधा, मुलाखतीशेजारी ठेवा आणि मुलीला ओळीओळीने विचारा: जुळतंय, भर पडतेय की विसंगत आहे? विसंगत असेल तिथे 'चुकलं' लिहू देऊ नका. तो प्रश्न कुणी विचारला, कुठे, समोर कोण बसलं होतं, हे लिहायला लावा.

धागाकर्ती: खूप आभार. काल दोघी बसलो. प्रश्नावली भरताना घर दाखवायला आलेल्या आशाताई शेजारीच बसल्या होत्या. गोळ्या त्यांनीच दिलेल्या. मुलाखतीला मुलगी एकटी गेली होती. पद्धतीच्या प्रकरणात यातलं एक अक्षर नव्हतं. आता आणखी कुठल्या घरी आशाताई होत्या, ते ती तिच्या वहीतून काढतेय.