ऐन युद्धात कॅसिनोवर दरोडा: 'डीप स्पेस नाईन'चा तो भाग भरतीचा की हक्काचा?

ध्रुवमत्स्य:
'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाईन' या अंतराळस्थानकावर घडणाऱ्या अमेरिकी विज्ञानमालिकेचा सातवा सीझन पुन्हा बघायला घेतलाय. काल पंधराव्या भागापाशी आलो, 'बाडा-बिंग, बाडा-बँग', फेब्रुवारी १९९९ चा. या भागाचं नाव काढलं की "तो सोडून दिलास तरी चालेल, निव्वळ भरती आहे, जागा भरायला घातलेला भाग" असं सांगणारे हमखास भेटतात. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: अंतराळस्थानकावरच्या होलोसूटमध्ये, म्हणजे संगणकाने खरंखुरं भासणारं जग उभं करणाऱ्या खोलीत, १९६२ चं लास वेगास उभं केलेलं आहे. तिथला गायक व्हिक फाँटेन हा हॉलोग्राम, आणि आपण हॉलोग्राम आहोत हे त्याला ठाऊक असतं. हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या फेलिक्सने त्यात गंमत म्हणून एक वळण दडवून ठेवलेलं असतं. ते अचानक सुरू होतं. फ्रँकी आईज नावाचा गुंड हॉटेल विकत घेतो आणि व्हिकला हाकलतो. फ्रँकीला प्रोग्रॅममधून नुसतं पुसून टाकता येत नाही, आणि सगळंच नव्याने सुरू केलं तर व्हिकच्या आठवणी जातील. मग एकच वाट उरते, १९६२ ला शोभेल अशी: फ्रँकीचा बडा मालक झीमो हिस्सा न्यायला येईल, त्याआधी तिजोरी रिकामी करायची, म्हणजे फ्रँकीचा काटा झीमोच काढेल.

आता माझा मुद्दा. आठव्या भागात नॉग, फेरेंगी या परग्रहवासी जमातीतला तरुण अधिकारी, रणांगणावर पाय गमावतो. दहाव्या भागात तो खचून व्हिककडेच जाऊन राहतो आणि तिथूनच सावरतो. आणि पंधराव्यात तिजोरीला कान लावून बसलेला कोण? नॉग. फेरेंगींचे ते भलेमोठे कान लोखंडाला टेकलेत, श्वास रोखलाय, आणि कुलूप अपेक्षेपेक्षा जास्त वेळ घेतंय. मला त्या क्षणी चोरी दिसत नाही, उपकाराची फेड दिसते. याला भरती कसं म्हणायचं?

अणुरेणू:
मी म्हणते ना भरती. सीझन २६ भागांचा, त्यातला हा पंधरावा. डोमिनियन या शत्रुसाम्राज्याशी युद्ध चालू आहे. सहाव्या सीझनमध्ये स्थानकाचा हाच कप्तान सिस्को दर शुक्रवारी मृतांची यादी लावायचा, आणि आता तोच सूट चढवून कॅसिनोत? सतराव्या भागापासून शेवटची सलग कथा सुरू होते. तिच्यात शत्रूच्या गोटातल्या डामारचं बंड बसवायचं, बजोर ग्रहाच्या धर्मगुरू काइ विनचा शेवट बसवायचा. डामारसारख्या माणसाचा कायापालट दाखवायला आणखी दोन भाग मिळाले असते तर मला आनंद झाला असता. ते दोन भाग कुठून आणायचे? माझं उत्तर: इथून.

ध्रुवमत्स्य:
डामारला आणखी जागा हवी होती हे मान्य. पण या भागाच्या लगेच पुढे स्थानकाचा डॉक्टर बशीर आणि सेक्शन ३१ या गुप्तहेर संघटनेची ती काळीकुट्ट कथा आहे. मध्ये एकदा तरी ही माणसं एकमेकांबरोबर हसताना दिसली नाहीत, तर शेवटी ती विखुरतात तेव्हा आपल्या पोटात का तुटावं?

पैलतीर:
मला वेळेची तक्रार नाही. माझी तक्रार सिस्कोबद्दल आहे, आणि ती जुनी आहे.

सिस्को आधी या बेतात यायला नकार देतो. कारण सरळ आहे: १९६२ च्या वेगासमध्ये कृष्णवर्णीयांना पाहुणा म्हणून मान नव्हता. हे काही लेखकांनी रचलेलं नाही. तिथल्या मोठ्या हॉटेलांत कृष्णवर्णीय कलाकार रात्री गाऊन टाळ्या घ्यायचे आणि झोपायला त्यांना गावाच्या पश्चिम भागात जावं लागायचं. १९५५ साली मूलाँ रूज हे सर्वांना खुलं असलेलं हॉटेल-कॅसिनो सुरू झालं आणि त्याच वर्षी बंदही पडलं. मार्च १९६० मध्ये, मोर्चाचा इशारा दिल्यावर, त्याच इमारतीत समझोता होऊन कॅसिनोंची दारं उघडली. म्हणजे १९६२ पर्यंत कागदावर बंदी उठली होती, पण वागणूक एका रात्रीत बदलत नाही. नागरी हक्क कायदा आला तो १९६४ मध्ये.

त्यात सिस्कोने हे अंगावर झेललंय. सहाव्या सीझनमध्ये तो एका दृष्टांतात १९५३ च्या न्यूयॉर्कमधला लेखक बेनी रसेल म्हणून जगतो आणि पोलिसांचा मार खातो. असा माणूस आपल्या प्रेयसीशी, कॅसिडीशी, एकदा बोलतो आणि लगेच तयार होतो? प्रश्न एवढा मोठा काढलात, तर त्याला एकच प्रसंग? मला हे फार लागतं.

शुक्रचांदणी:
पैलतीर, तो प्रसंग परत बघा. कॅसिडी "विसरून जा" म्हणत नाही. व्हिककडचं जग हे जसं होतं तसं नाही, जसं असायला हवं होतं तसं आहे, असं तिचं म्हणणं. बंधन असलंच तर आपणच घालून घेतलेलं. आणि हे त्याला सांगणारी कुणी परकी नाही. तोच इतिहास तिचाही आहे. सिस्को जिंकलेला नाही, हरलेलाही नाही. तिचा शब्द त्याने मानला. शेवटी तो व्हिकबरोबर मंचावर गातो तेव्हा सिस्को साकारणाऱ्या एव्हरी ब्रूक्सचा चेहरा बघा. हा माणूस या मालिकेत इतका मोकळा फार थोड्या वेळा दिसलाय.

पैलतीर:
गाण्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत, तिथे मीही विरघळतो. पण कॅसिडीचं म्हणणं मला पटणं आणि सिस्कोला इतक्या लवकर पटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कुलूपकिल्ली:
तुम्ही दरोड्याबद्दल बोलतच नाही आहात! बेत ठरताना तो आपल्याला पूर्ण घडताना दाखवतात, सगळं लोण्यात सुरी फिरावी तसं. मग खऱ्या रात्री एकेक टाका उसवत जातो: कुलूप रुसतं, झीमो वेळेआधी येऊन टपकतो. पहिला प्रयोग दाखवला म्हणून दुसऱ्यात नेमकं काय बिघडलं ते न सांगता कळतं.

आणि पैसा कुठला निवडलाय ते बघा. मोजणीच्या खोलीतूनच, वहीत चढायच्या आधी काढलेली वरची मलई. वेगासमध्ये हे खरंच चालायचं. मे १९५७ मध्ये न्यूयॉर्कला फ्रँक कॉस्टेलो या माफियाच्या म्होरक्यावर गोळी झाडली गेली. तो वाचला, पण त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर ६,५१,२८४ डॉलर हा आकडा निघाला, आणि तो नव्याने उघडलेल्या ट्रॉपिकाना कॅसिनोच्या मिळकतीशी जुळला. असा पैसा गेला तर पोलिसांकडे जाता येत नाही. फ्रँकी तिजोरी उघडतो, आत काहीच नाही, शेजारी झीमो उभा. त्याला तोंड उघडायलाही जागा नाही. इतकी चोख रचना आहे ही.

अणुरेणू:
कुलूपकिल्ली, हे मला माहीत नव्हतं, आता तो तिजोरीचा प्रसंग पुन्हा बघणार. आणि ध्रुवमत्स्य, नॉगचं मान्य. आठ, दहा आणि पंधरा हे तीन भाग मी कधी एका ओळीत ठेवून पाहिलेच नव्हते. पायाची जखम, व्हिकचा आसरा आणि मग तिजोरीला लावलेला तो कान. ठीक आहे, हा भाग राहू दे.

डामारसाठीचे दोन भाग मात्र मला अजून हवेतच. कुठले काढायचे ते सांगा.