मागचा जिना आणि आजींचं मनगट

फ्लॅट ३०१: आजींना प्लास्टर घालून घरी आणलं. मागच्या जिन्यावर घसरून पडल्या, मनगटाचं हाड मोडलं बाप्पा.

फ्लॅट १०४: काळजी घ्या ताई. पण मागच्या जिन्यावर कूलरचं पाणी सांडून राहिलं, हे सगळ्यांना दिसतेच ना. नेटवर वाचलं, धोका उघड असेल तर मालक जबाबदार नसतो.

फ्लॅट २०२ (वकील): दादा, ते अमेरिकेतलं. तिथंही राज्याराज्यांत वेगळं आहे. मिशिगनच्या सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये हा नियम मोडीत काढला. धोका दिसत होता म्हणून मालक आपोआप सुटत नाही, पडणाऱ्याची चूक किती ते वेगळं पाहायचं.
आपल्याकडे दिल्लीच्या चांदणी चौकातलं घंटाघर कोसळून माणसं गेली, त्याचा निकाल १९६६ चा. मनोरा ८० वर्षांचा, त्यातल्या चुन्याचं आयुष्य ४०-४५ वर्षं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, दोष उघड असो की लपलेला, मालकाची जबाबदारी आहेच. ते रस्त्यालगतच्या बांधकामाबद्दल होतं, जिन्याबद्दल नाही, हे मान्य. पण आपली, म्हणजे सोसायटीची, बाजू त्यामुळे भक्कम होत नाही. आजींनी जपून चालायला हवं होतं असं ठरलं, तरी भरपाई तेवढ्या प्रमाणात कमी होईल, इतकंच. आणि 'सगळ्यांना दिसत होतं' हे समितीच्याच विरोधात जातं. त्या जिन्यावरच्या शेवाळाचा फोटो मे महिन्यात याच ग्रुपवर आला होता. माहीत असून केलं नाही, यालाच निष्काळजीपणा म्हणतात.

फ्लॅट १०४: समोरच्या जिन्यानं जायचं होतं मग.

फ्लॅट ३०१: तिथं रंगाऱ्यांची परांची, लिफ्ट बंद. आजींनी जायचं कुठून?

सचिव: कूलर ४०१ चा आहे, सोसायटीचा नाही.

फ्लॅट २०२ (वकील): पाणी त्यांचं, जिना सामाईक. दोघांवरही येते. मी आत्ता पाहून आले, लँडिंगखालच्या तीन पायऱ्यांवर हिरवा थर आहे, बोटानं खरवडून निघतो. वर ग्रॅनाइट पॉलिशचं.

फ्लॅट ४०१: कूलरचा फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी थांबवणारा) अडकून टाकी वाहत होती. प्लंबर येऊन राहिला. आजींच्या उपचाराचा खर्च मी देतो.

सचिव: निम्मा सोसायटीकडून. सकाळी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासून घेतो, मग खरबरीत पट्ट्या आणि कठडा. तोवर सावधानतेची पाटी लावू का?

फ्लॅट २०२ (वकील): पाटी लावा, पण तेवढ्यावर भागणार नाही. आज रात्रीच परांची हलवून समोरचा जिना मोकळा करा, मागचा दोरी बांधून बंद ठेवा.

सचिव: रंगाऱ्याला फोन लावला आहे.