शब्दचर्चा: दम, धाप, बेडका आणि घरघर

प्रश्न: मी जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेडिसिन वॉर्डात हिस्टरी घेताना एक पेशंट म्हणाले दम लागतो, दुसरे म्हणाले धाप लागते, तर एक आजी म्हणाल्या जीव घाबरा होतो. मी तिघांच्याही कागदावर ‘श्वास घेण्यास त्रास’ असंच लिहिलं. हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का?

उत्तर: नाहीत, आणि ते एकाच साच्यात घालू नका. धाप श्रमाने लागते. जिना चढून आलेला धडधाकट माणूसही धापा टाकतो, पण जरा टेकला की ती उतरते. दम हा मूळचा फारसी शब्द, त्याचा अर्थच श्वास. म्हणून आपण ‘घडीभर दम घे’ म्हणतो, आणि दमा हे नावही त्याच घराण्यातलं. ‘दम लागतो’ मात्र लोक श्रमाने आणि आजाराने, दोन्हीकडे वापरतात, त्यामुळे तिथे थांबून पुढचं विचारायलाच हवं. कशाने लागतो? चालल्यावर की आडवं झाल्यावर? रात्री उशाला किती उशा लागतात? ‘झोपलं की दम लागतो, उठून बसलं की बरं वाटतं’ असं कुणी सांगितलं तर हृदयाचा विचार आधी मनात यावा. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बाईने कधी विडी ओढलेली नसते, तरी तिचा दम सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा असू शकतो. अशा पेशंटला ऑक्सिजन सुरू असताना सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, साधारण ८८ ते ९२ टक्क्यांत ठेवतात. ते ९९ वर न्यायची घाई करू नये, ऑक्सिजन डॉक्टरांनी लिहून दिला असेल तेवढाच.

‘जीव घाबरा होणं’ हा सगळ्यात निसरडा शब्द. भीती, धडधड, उतरलेली साखर, कमी पडलेला ऑक्सिजन, सगळं त्यात मावतं. आजींना ‘घाबरू नका’ म्हणून पुढे जाऊ नका. सॅच्युरेशन आणि साखर बघा, नाडी बघा, आणि मनगट न सोडता श्वास मोजा. आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस नकळत तो बदलतो. पूर्ण एक मिनिट मोजायचं. निरोगी प्रौढाचे मिनिटाला १२ ते २० भरतात.

आणखी एक उत्तर: लहान मुलांच्या बाबतीत आईचे शब्द जसेच्या तसे लिहा. ‘बाळाचं पोट उडतंय’ असं ती म्हणाली की अंगावरचे कपडे वर करून बघा. श्वास आत घेताना बरगड्यांखाली खळगा पडतोय का, नाकपुड्या फुलतात का? जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५०, आणि पाच वर्षांपर्यंत ४० श्वास म्हणजे जलद श्वास. बाळ शांत असताना मोजा, रडताना मोजलेल्याला अर्थ नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या दाईला न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं श्वासमापक बनवलं होतं. फार न शिकलेल्या बाईलाही ते वापरता येत होतं. आपल्या हातात तर घड्याळ आहे.

प्रश्न: आणि थुंकी की बेडका? डबीवर आमच्याकडे ‘थुंकी’ लिहितात.

उत्तर: पेशंटशी बोलताना बेडकाच म्हणा. थुंकी म्हटलं की माणूस तोंडातली लाळ डबीत टाकतो, आणि लाळेत क्षयाचे जंतू सापडायची शक्यता फार कमी. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून खोकून काढायचं, हे स्वतः करून दाखवा. उघड्या हवेत, इतरांपासून लांब. डबीत पातळ, फेसाळ पाणी दिसलं तर पुन्हा मागा. घट्ट, चिकट, पिवळसर असेल तर तो बेडका.

प्रश्न: ‘घरघर’ लिहिलं तर चालेल ना?

उत्तर: मुलाच्या छातीला आई घरघर म्हणते, ते ठीक. पण वयस्क पेशंटच्या नातेवाइकांपुढे हा शब्द जपून वापरा. ‘घरघर लागली’ म्हणजे शेवट आला असंच ते समजतात. ‘ऊर्ध्व लागला’ याचंही तेच. कफच असेल तर ‘छातीत कफ वाजतोय’ म्हणा. खरोखरच अखेरची घरघर असेल, तर घशात साचलेल्या स्रावासाठी खोल सक्शन, म्हणजे नळीने तो ओढून काढणं, सारखं करत राहू नका, त्याने त्रासच वाढतो. कुशीवर वळवलं की पुष्कळदा आवाज कमी होतो. ओल्या बोळ्याने तोंड पुसा. आणि जवळ बसलेल्यांना सांगा की हा आवाज ऐकणाऱ्याला जितका छळतो तितका बहुधा पेशंटला जाणवत नाही.

प्रश्न: मग त्या तीन नोंदी कशा दुरुस्त करू?

उत्तर: लिहिलेलं खोडू नका. उद्या पुन्हा विचारून वेळ घालून नवी नोंद करा: ‘पेशंट सांगतात, आडवं झालं की दम लागतो, दोन उशा घेतात. श्वास मिनिटाला २६, सॅच्युरेशन ९१. उशाकडची बाजू उंच केली, डॉक्टरांना कळवलं.’