जाळीआडचा प्राणी टिपताना

गोव्यातील बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात काढलेल्या बिबट्याच्या फोटोंवर जाळीच्या रेषा येतात, त्यावर उपाय काय, असे आपण विचारले आहे. लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ४ किंवा त्याहून मोकळे, म्हणजे लहान आकड्यावर ठेवून, २०० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स कठडा न ओलांडता जाळीच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावी आणि प्राणी जाळीपासून चार पावले मागे जाईपर्यंत थांबावे. मग तार धूसर होऊन दिसेनाशी होते. मात्र तारेवर थेट ऊन असेल, तर तीच तार चित्रभर पांढुरके सावट पसरवते, म्हणून मी नेहमी सावलीतला भाग शोधतो.

गोव्याचा राज्यप्राणी गवा टिपताना अडचण वेगळीच आली. त्याच्या काळ्याभोर अंगाला फसून कॅमेऱ्याने उजेड वाढवला आणि गुडघ्यांखालचे पांढरे पाय नुसते चकाकू लागले; एक्स्पोजर एका पायरीने उतरवल्यावर पायांवरचे केस आणि नाकपुडीवरचा ओलावाही स्पष्ट उमटला.

फ्लॅश कृपया वापरू नये, कारण प्राणी बिचकतो आणि बराचसा प्रकाश जाळीवरूनच परततो. झोपलेल्या जनावराला उठवण्यासाठी शिट्ट्या मारणारे दिसले की मला मनापासून वाईट वाटते. त्यापेक्षा सकाळी फाटक उघडताच जावे, तेव्हा ती आपणहून हिंडत असतात.