मदत हवी आहे: इंजिनिअर म्हणून एमबीए प्रवेशाच्या मुलाखतीची तयारी

नमस्कार मंडळी,

मी मेकॅनिकल इंजिनिअर, साडेचार वर्षं एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. दोन बिझनेस स्कूलमधून मुलाखतीचं बोलावणं आलंय. पहिली मुलाखत तीन आठवड्यांवर आहे. लेखी परीक्षेची भीती मला कधी वाटली नाही, बोलायची वाटते.

परवा मैत्रिणीला समोर बसवून सराव केला. ती वाणिज्य शाखेची. तिनं विचारलं, "कामातला एखादा अवघड प्रसंग सांग." मी पंपाचा सांगितला. त्याचा इम्पेलर, म्हणजे आतलं फिरतं पात्यांचं चाक, दर तीन-चार महिन्यांनी खराब व्हायचा. सक्शनकडचा, म्हणजे पंप द्रव ओढून घेतो त्या बाजूचा दाब द्रवाच्या बाष्पदाबाखाली (ज्या दाबाला द्रव उकळू लागतो त्याखाली) गेला की बुडबुडे तयार होतात, पुढे जास्त दाबात फुटतात आणि धातू खरवडून काढतात. हेच कॅव्हिटेशन. एनपीएसएच, म्हणजे सक्शनकडचा दाब बाष्पदाबापेक्षा किती वर आहे, तो कसा काढतात तेही सांगितलं. सात मिनिटं बोलले. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरं, पण यात तू काय केलंस?"

मला उत्तर देता येईना. खरं तर केलं होतं. सगळे म्हणत होते, मोठा पंप घ्या. मी सक्शन लाइन टाकीपासून पंपापर्यंत चालत जाऊन पाहिली. मागे कधीतरी केलेल्या बदलात जादा एल्बो (पाइपाची वळणं) आले होते आणि पाइप एक साइझ लहान बसवला होता. तो बदलायला दोन दिवसांचं शटडाउन, म्हणजे उत्पादन बंद, हवं होतं आणि उत्पादन विभागाचे प्रमुख ते द्यायला तयार नव्हते. तीन महिने मागे लागले तेव्हा मिळालं. पुढे वर्षभर इम्पेलरला हात लावावा लागला नाही. पण सरावात माझ्या तोंडून सगळीकडे "आम्ही शोधलं, आम्ही बदललं" असंच येत होतं. मेंटेनन्समध्ये फिटरपासून सगळ्यांचा हात असतो. "मी केलं" म्हणताना त्यांचं श्रेय लाटल्यासारखं वाटतं.

दुसरी अडचण "एमबीए का?" या प्रश्नाची. नेतृत्वगुण वगैरे मला बोलवत नाही. खरं कारण असं की माझे दोन चांगले प्रस्ताव पैशाच्या भाषेत मांडता आले नाहीत म्हणून पडून राहिले. हे मुलाखतीत सांगावं का?

आणि तांत्रिक प्रश्न किती खोल जातात? तिसऱ्या सेमिस्टरला थर्मोडायनॅमिक्समध्ये नापास झाले होते. ते निघणारच असं धरून चाललेय.

प्रतिसाद १

तुमचा प्रसंग उत्तम आहे, फक्त तुम्ही तो पंपापासून सुरू करताय. शटडाउन नाकारलं गेलं तिथून सुरू करा. कॅव्हिटेशनला एकच वाक्य द्या: "पंपाला पुरेसा दाब मिळत नव्हता, म्हणून तो आतून खाल्ला जात होता." समोरच्याला जास्त हवं असेल तर तो विचारेल, आणि तेव्हा सगळं सांगा.

"मी" आणि "आम्ही" यांचं म्हणाल तर काम सगळ्यांचं असतं, पण लाइन तपासायचं तुम्हाला सुचलं आणि नकारानंतर परत तुम्ही गेलात. तेवढ्यापुरतं "मी" म्हणा. फिटरांनी काय केलं तेही नेमकं सांगा, त्यानं तुमचं कमी होत नाही. त्या तीन महिन्यांत तुम्ही प्रमुखांना काय म्हणालात आणि त्यांचं मन कशामुळे बदललं, हे मात्र तुमच्या लिहिण्यात नाही. मी मुलाखत घेत असते तर पुढचा प्रश्न हाच विचारला असता.

"एमबीए का" याचं तुमचं कारण मला तरी फार आवडलं. ती उणीव नव्हे, गरज आहे, आणि तिला पुरावा आहे. दोनपैकी एक प्रस्ताव नीट सांगता यायला हवा.

शाळांच्या पद्धती वेगवेगळ्या असतात, आधी त्या पाहून घ्या. हार्वर्डला मुलाखत घेणाऱ्यानं तुमचा अख्खा अर्ज वाचलेला असतो, वेळ साधारण 30 मिनिटं. शिकागो विद्यापीठाच्या बूथ बिझनेस स्कूलमध्ये समोरच्याकडे फक्त रेझ्युमे असतो, त्यामुळे सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. व्हार्टन या बिझनेस स्कूलला गटचर्चा असते. तिथे दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेता येतो का हे महत्त्वाचं.

नापास झाल्याचं दोन वाक्यांत सांगा. काय चुकलं, नंतर काय केलं. शिक्षकांना दोष देऊ नका.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात एक भर. थर्मोडायनॅमिक्स सगळं वाचत बसू नका, पण तुमच्या पंपाला चिकटलेलं तेवढं पक्कं हवं. "20 अंश सेल्सियसला पाणी उकळेल का?" असं कोणी विचारलं तर? उकळेल, दाब सुमारे 2.3 किलोपास्कलपर्यंत उतरवला तर. तुमच्या पंपात नेमकं हेच घडत होतं. नापास झालेल्या विषयातलं हे उत्तर तुम्ही सहज दिलंत की तो विषय तिथेच मिटतो. जे येत नाही त्याला सरळ "माहीत नाही" म्हणा.

आणि पेबॅक, म्हणजे घातलेले पैसे किती महिन्यांत वसूल झाले ते, काढून ठेवा. पाइप बदलायला आलेला खर्च, त्यात दोन दिवसांच्या उत्पादनाचं नुकसान मिळवा आणि दरमहा वाचलेल्या खर्चानं भागा. जे महिने येतील ते तोंडपाठ असू द्या. मोठ्या पंपाचाही तसाच हिशेब करा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री जुन्या नोंदी काढून हिशेब केला. दोन दिवसांचं नुकसान धरूनही पाच महिन्यांत पैसे वसूल झाले होते. प्रमुखांचं मन कशामुळे बदललं तेही आठवलं. मी त्यांना आकडा दिलाच नव्हता. खराब झालेला इम्पेलर त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला होता आणि मागच्या वर्षी तो किती वेळा बदलला त्या तारखा कागदावर लिहून दिल्या होत्या. आज मैत्रिणीला तिथूनच सांगायला सुरुवात केली. अडीच मिनिटं लागली, आणि मग तिनं प्रमुखांबद्दल चार प्रश्न विचारले.

आता एकच विचारायचंय. ते प्रमुख इतके दिवस अडून बसले त्याला त्यांचीही कारणं होती, महिन्याचं उत्पादनाचं लक्ष्य त्यांच्या डोक्यावर होतं. त्यांची बाजू मुलाखतीत किती सांगावी?